मूर्तिजापूरच्या वावरातला हवामान-खांब

मी एक निवृत्त हवामान-खांब आहे, मित्रांनो. शाळेच्या गच्चीवर किंवा तहसील कचेरीच्या आवारात रोवलेला नव्हे. मी चाकांवर फिरलो. परग्रहावर पाठवायची जी सहा चाकांची गाडी असते, जिला सगळे रोव्हर म्हणतात, तिच्या पाठीवर उभे राहून तिथली हवा जोखायची, या कामासाठी मला घडवले होते. मी स्वतः मात्र पृथ्वी सोडून कुठेच गेलो नाही. माझा सगळा प्रवास अमरावती ते मूर्तिजापूर आणि परत, एवढाच.

अमरावतीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे एकाच उन्हाळ्यात तयार झालो. मी आणि माझा जुळा भाऊ. गाडी दुसरीकडे तयार होत होती, यान आणखी कुठे. अमरावतीकरांकडे फक्त हवामानाचे काम आले होते. आमच्या डोक्यावर पांढऱ्या छत्रीखाली तापमापक होता. पोटात हवेचा दाब मोजणारी डबी होती. आणि दोन्ही बाजूंना एकेक हात होता, वारा ओळखण्यासाठी. त्या हातांवर नखाएवढ्या पातळ पट्ट्या बसवल्या होत्या. त्या सतत गरम ठेवायच्या. गरम चहावर फुंकर घातली की तो निवतो, तशा वाऱ्याने त्या पट्ट्या निवतात. कोणती पट्टी किती निवली, यावरून वारा कुठून आला आणि किती जोराचा होता, ते कळते. एक हात गाडीच्या आडोशाला गेला तर दुसऱ्याने सांभाळून घ्यायचे, म्हणून हात दोन.

दोघांत डावे-उजवे काहीच नव्हते. तरी एकाने लाल ग्रहावर जायचे आणि एकाने इथेच राहून चाचण्या द्यायच्या, हे आधीच ठरलेले होते. जाणाऱ्याला काचेच्या खोलीत ठेवले. तिथे माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून जात. माझ्याजवळ मात्र सगळे चप्पल घालून येत आणि माझ्याशेजारी डबा उघडून जेवतही. मला त्यात कमीपणा वाटला नाही. काचेच्या खोलीत कोणी गप्पा मारत नाही.

आमचे सगळे काम रश्मीच्या हाताखाली चाले. ती अमरावतीच्याच फ्रेजरपुऱ्यात वाढली. वडील बुधाजी महानगरपालिकेच्या शाळेत गुरुजी होते. बोलणे मोजके आणि तडक. एखादा आकडा पटला नाही तर ती रागावत नसे, फक्त तोच आकडा पुन्हा विचारी, आणि सांगणाऱ्याला घाम फुटे. तिच्याबरोबर कुंदन असे. तो यंत्रजोडणीचा माणूस, अकोल्याचा. त्याला गप्प राहणे जमत नसे.

लाल ग्रहावर पाऊस नाही, पण वावटळी फार. धुळीचे उंच भोवरे दिवसभर फिरतात. वावटळ अंगावरून जाताना हवेचा दाब काही क्षण खाली जातो आणि पुन्हा वर येतो. ही खूण मला आणि माझ्या भावाला शिकवायची होती. बंद खोलीतल्या पंख्यांवर ते शिकवून झाले, पण रश्मीचे समाधान होईना.

एका बैठकीत ती म्हणाली, "पंख्याची वावटळ शहाणी असते, सांगितल्यासारखी येते. एप्रिलमध्ये खारपाणपट्ट्यात चला. तिथे आपोआप येतात, आणि वेड्यासारख्या येतात."

असा मी खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखाली खारे पाणी असलेल्या त्या काळ्या सपाट मुलखात, मूर्तिजापूरजवळच्या एका वावरात पोचलो. चाचणीसाठी बनवलेल्या तशाच एका रोव्हरवर मला चढवले होते. हरभरा निघून गेला होता. काळी जमीन इतकी भेगाळलेली की रोव्हरचे चाक एखाद्या भेगेत अडके आणि कुंदन कपाळाला हात लावी. दुपारी सगळा शिवार थरथरल्यासारखा दिसे. माझ्या तापमापकाने तिथे जे ऊन पाहिले, ते लाल ग्रहावर कधीच मिळणार नव्हते. पण वावटळी मात्र अगदी तशाच होत्या. क्षितिजावर धुळीचा बारीक दोरा उठायचा, जाड व्हायचा, आणि कडबा-पाचोळा उचलत धावत सुटायचा.

वावर कौशल्याबाईंचे होते. पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. वावर वापरायला द्यायची त्यांची एकच अट होती.

"पडूनच हाय, वापरा. पण वखरणीच्या आंधी उचला तुमचं हे गाडगं. मले बैल घालायचे हायेत." मग माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, "हे काय मापते, बाई?"

"वारा," रश्मी म्हणाली.

"वाऱ्याले कायचं मापतं? तो येते न जाते."

"कुठून येते न कुठं जाते, तेच पाहून राहिलो आमी, मावशी."

अमरावतीत शुद्ध बोलणारी रश्मी इथे आली की अशी बोले. कौशल्याबाई रोज दुपारी माठातले पाणी आणि कधी कधी ज्वारीची भाकर, ठेचा पाठवीत. त्यांचा कोठा, म्हणजे बैलांचा गोठा, वावराच्या बांधाला, धुऱ्याला, लागूनच होता. बाजूला कुटाराचा, बैलांच्या वैरणीच्या भुशाचा, मोठा ढीग. त्यांच्या बैलजोडीला माणसांची सवय होती, पण माझी नव्हती. रोव्हर हलला की दोघे कान टवकारून बघत.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात चांगले. वावटळ यायची, माझ्या पोटातली डबी दाब घसरल्याची नोंद करायची, हातांच्या पट्ट्या वारा फिरल्याचे सांगायच्या, आणि तंबूत बसलेली मंडळी ओरडायची, "पकडली!" अमरावतीहून मोठे साहेब केशवराव येऊन बघून गेले. त्यांनी माझ्या छत्रीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "गुणी आहे." यंत्राला एवढे पुरते.

मग ती दुपार आली.

वारा पूर्ण पडला होता. शेजारच्या वावरात भगवंतराव नावाचे शेतकरी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग घालून बसले होते. वारा नाही असे पाहून त्यांनी तो पेटवला. शिवारात सगळेच असे करतात. ढीग सरळ वर जळत होता. धूरसुद्धा हलत नव्हता.

माझ्या डबीला दाबाची घसरण जाणवली तेव्हा वावटळ अगदी जवळ होती. आजवर पाहिलेल्यांत ती सर्वांत मोठी. ती थेट माझ्यावरून गेली. तिच्या पोटात धूळ होती, पाचोळा होता, आणि खारपाणपट्ट्याच्या मातीत असतात तसे चुनखडीचे बारीक खडे होते. त्यांतला एक माझ्या डाव्या हातावर बसला. एक पट्टी तडकली आणि त्या बाजूचा वारा मला दिसेनासा झाला. तंबूत हे कोणाच्या लक्षात येण्याआधीच वावटळ पुढे सरकली होती. ती भगवंतरावांच्या जाळावर गेली.

जळत्या काटक्या उचलल्या गेल्या. त्यांतल्या काही कौशल्याबाईंच्या कुटारावर पडल्या.

"कौशल्याबाई! कुटार पेटलं वो!" भगवंतराव ओरडत धावले.

वाळले कुटार पेटायला वेळ लागत नाही. कोठ्याचे छप्पर तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तुराट्यांचे. जाळ तिकडे झेपावला, आणि धुऱ्यावरच्या वाळल्या गवतातून एक पट्टा वाकडा होत रोव्हरकडे यायला लागला. आमच्या जीपमध्ये पाण्याचा एक मोठा ड्रम होता. एकच. कुंदनने तो खाली ओढला आणि माझ्या दिशेने पळाला.

"मॅडम, जाळ रोव्हरकडे येऊन राहिला!"

"पाणी तिकडं ने!" रश्मी धावता धावता ओरडली. "कोठ्याकडं! जोडी बांधेल हाय आत!"

"अन् रोव्हर?"

"ने म्हटलं ना, कुंदन!"

त्याने ड्रम वळवला. कौशल्याबाई केव्हाच आत शिरल्या होत्या. एका बैलाचे दावे त्यांनी विळ्याने कापले आणि तो धूर फोडून बाहेर पडला. दुसरा जागचा हलेना. भ्यालेले जनावर उघड्या वाटेनेही जात नाही. रश्मी आत गेली. तिने ओढणी ओली करून बैलाच्या डोळ्यांवर टाकली, आणि दोघींनी मिळून शिंगांना धरून त्याला अंगाने ढकलत बाहेर काढले. छपराचा जळता तुकडा रश्मीच्या मनगटावर पडला. ते तिला बैल कडुलिंबाखाली उभा केल्यावर कळले.

मी तिकडे वावरात एकटा होतो. धुऱ्यावरचा जाळ गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत आला, माझ्या अंगावर काजळी बसली, छत्री एका बाजूने वितळली. मी तापमान नोंदवत राहिलो, कारण मला दुसरे काही येत नाही. मग गवत संपले. काळ्या भेगांवर जाळाला खायला काही नव्हते, आणि तो आपोआप विझला.

कोठा गेला. बैल राहिले. संध्याकाळी भगवंतराव कौशल्याबाईंसमोर येऊन उभे राहिले. त्यांना वर बघवेना.

"बाई, मायाच हातानं झालं. काय बोलू?"

"बोलू नोका काही," कौशल्याबाई म्हणाल्या. "बल्ल्या आणा चार अन् कोठा उभा करून द्या. पाण्याच्या आंधी."

भगवंतरावांनी तो पावसाआधी खरेच उभा करून दिला. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले होते.

मला अमरावतीला आणले. शेडमध्ये एका टेबलावर आडवे ठेवून रश्मी मऊ ब्रशने एकेक भाग साफ करू लागली. मनगटावर पट्टी होती, म्हणून हळूहळू. डाव्या हाताशी आली आणि थांबली. भिंग घेतले. तडकलेल्या पट्टीच्या बेचक्यात चुनखडीचा एक खडा अडकलेला होता. आणि पट्टीच्या तुटलेल्या कडेवरही काजळी होती. वरच्या बाजूला असते तेवढीच, कडेवरही. म्हणजे हात आधी मोडला होता. धूर नंतर आला.

तिने कुंदनला बोलावून भिंग त्याच्या हातात दिले. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो स्टुलावर बसला.

बाहेरच्यांना यात विशेष काय, असे वाटेल. पण तोवर माझा जुळा भाऊ यानातल्या गाडीवर चढला होता. त्याचे हात माझ्यासारखेच उघडे होते. लाल ग्रहावर गाडी उतरते तेव्हा तिला सावकाश टेकवण्यासाठी खालच्या दिशेने इंजिने पेटवतात, आणि त्यांच्या झोताने जमिनीवरचे खडे उसळतात. जे मला वावटळीने केले, ते त्याला पहिल्याच मिनिटाला झाले असते.

"मी काय म्हणतो मॅडम," कुंदन खालच्या आवाजात म्हणाला, "आगीनं गेलं असं सांगू. खोटं काय त्यात? आग तं लागलीच होती."

"आग तिथं लागत नाही, कुंदन. तिथं खडे उडतात."

"पण सांगितलं तं काय करतीन? झाकण करा, वजन वाढवा, पुन्हा सगळं तपासा, एवढा वेळ आता कोण देते? आपला खांबच काढून टाकतीन गाडीवरून. अन् यान यंदा चुकलं की पुढचा योग दोन वर्षांच्या वर. सगळ्या पोरांची मेहनत मातीत."

"काढतीनही," रश्मी म्हणाली.

"मंग?"

ती पुन्हा खड्याकडे वळली. चिमट्याने तो काढून तिने कागदावर ठेवला. "असाच उघड्या हातांचा पाठवून तिथून वाऱ्याचे आकडे नाही आले, तर आपण दोघंच जाणू काहून नाही आले. मले नाही राहता येणार तसं."

कुंदन उठून गेला. थोड्या वेळाने दोन चहा घेऊन परत आला.

केशवरावांच्या खोलीत मला ट्रॉलीवर घालून नेले होते, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण त्यांच्यापुढे उड्डाणाची तारीख होती.

"रश्मी, एका खड्याने एक पट्टी तुटली. आणि त्यानंतर तुम्ही सगळे गाडी वाऱ्यावर सोडून निघून गेलात. एवढ्यावर मी वरच्यांना उड्डाण थांबवायला सांगू?"

"सांगू नका, सर. आधी चाचणी घेऊ. तिथल्यासारख्या पातळ हवेच्या पेटीत, खड्यांचा मारा करून."

"कशावर? उरलेला खांब यानात आहे."

"हा आहे." तिने माझ्यावर हात ठेवला. "याचा उजवा हात शाबूत आहे."

माझे मत कोणी विचारले नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते. पेटीत ठेवण्याआधी रश्मीने माझा उजवा हात कापडाने पुसला. जो थोड्या वेळाने मोडायचा आहे, तो पुसायची गरज नसते. तरी तिने पुसला, पट्टी पट्टी करून. मग पेटीचे दार बंद झाले, हवा काढून घेतली, आणि नळीतून खड्यांचा झोत आला. पहिल्याच माऱ्यात माझा दुसरा हातही गेला. त्यानंतर मला वारा कधी कळला नाही.

केशवराव काचेतून बघत होते. ते तडक फोन लावायला निघून गेले.

खांब काढून टाकायचा असा वरून निरोप दोनदा आला आणि दोनदा परत फिरला. शेवटी ठरले ते असे: ठरलेल्या मुदतीत झाकण झाले तर हात राहतील, नाही तर हातांशिवाय जाईल. मग शेडमध्ये जे काम झाले, तसे मी पुन्हा पाहिले नाही. उतरेपर्यंत भावाचे दोन्ही हात छातीशी घडी घातलेले राहतील, वर पातळ कवच, आणि गाडी स्थिर झाली की स्प्रिंगने कवच उघडून हात बाजूला होतील, असे त्यांनी केले. कुंदनने ते कवच सतरा प्रकारे बिघडवून पाहिले. त्याची मापे माझ्याच अंगावर घेतली. हात गेले तरी खांदे होते ना.

पावसाळा सरताना भाऊ गेला. आकाशात झेपावताना टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. टाळ्या वाजल्या.

त्याच महिन्यात रश्मीकडचे मैदानी चाचण्यांचे काम काढून घेण्यात आले. मोलाचे यंत्र आगीच्या तोंडी सोडले, असे कारण होते. केशवराव चुकले असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे नियम होता, आणि नियमात बैल नव्हते. रश्मीने वाद घातला नाही. काही दिवस ती टेबलावर बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासत राहिली, मग राजीनामा देऊन अमरावतीतल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली. तिची आई इंदूबाई एकदा तिचे सामान न्यायला आली होती. एवढेच म्हणाली, "बैल जित्ते हायेत ना? मंग चाल घरी."

माझे पुढचे दिवस सगळ्या जुन्या यंत्रांसारखे. आधी शेडच्या कोपऱ्यात, मग कपाटावर, मग कपाटाच्या मागे. कोणी माझ्या डोक्यावर हेल्मेट अडकवी, कोणी खांद्यावर ओला टॉवेल. माझी दाबाची डबी अजून नीट चालत होती, पण तिला वीज कोण देणार? एका पालीने माझ्या वितळलेल्या छत्रीत संसार थाटला. भंगारात काढायची वेळ आली तेव्हा कुंदनने रश्मीला फोन केला. ती रिक्षा घेऊन आली आणि मला कॉलेजात घेऊन गेली. रिक्षात मी तिच्या मांडीवर आडवा होतो.

तिथे मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा राहिलो. रश्मीने मला वीज जोडून दिली. मुले येऊन हवेचा दाब वाचत. आचल नावाच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, याले हात काहून नाहीत?" रश्मी म्हणाली, "होते. दुसऱ्यासाठी दिले." आणि फळ्याकडे वळली.

पुढच्या पावसाळ्यात, तास चालू असताना, तिचा फोन वाजला. ती तासाला फोन घेत नसे. त्या दिवशी तिने तो टेबलावरच ठेवला होता. पलीकडे कुंदन. त्याचा आवाज इतका मोठा की सगळ्या वर्गाला ऐकू गेला.

"मॅडम, उतरला! काल उतरला, आज कवच उघडलं!"

रश्मीने खडू खाली ठेवला. "हात?"

"उघडले."

"एक का दोन्ही, कुंदन?"

"दोन्ही, मॅडम! दोन्ही! वारा येऊन राहिला, पुरा येऊन राहिला!"

ती खुर्ची ओढून बसली, माझ्या शेजारीच. मुलांना काय करावे ते कळेना, म्हणून ती उभी राहिली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, फोनवरून कुंदनला सगळ्या आकड्यांबद्दल एकामागून एक विचारायला सुरुवात केली, आणि एक आकडा तिला पटला नाही म्हणून पुन्हा विचारला.

मित्रांनो, माझ्या जातीची यंत्रे तुमच्याही आसपास आहेत. गावाबाहेर कुंपणातली हवामान केंद्रे, शाळेतले पर्जन्यमापक, दवाखान्यातला काटा, घरातला साधा तापमापक. त्यांच्यावर कपडे वाळत घालू नका, त्यांना बकरी बांधू नका, एवढे तर कोणीही सांगेल. मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे. आम्ही कधीतरी मोडणारच. मोडलो की लगेच फेकू नका, आणि सोयीचे कारण सांगून झाकूही नका. जरा उजेडात धरा, भिंग लावा, कुठे आणि कसे मोडलो ते बघा. ते नीट पाहून कोणी खरे सांगितले, तर आमचे मोडणे वाया जात नाही; आमच्या मागून येणारा धडधाकट राहतो.

आम्हाला दाब कळतो, ऊन कळते, वारा कळतो. बोलता मात्र येत नाही. आमच्या वतीने खरे बोलणारे कोणी तरी लागते. ते तुम्ही व्हा.